कोंबड्यांतला साल्मोनेला: या चुका टाळा

गणेश चवथीनंतर चिकनला उठाव असतो, म्हणून ऐन पावसात पिल्ले टाकायची, हा गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडचा हिशेब. पस्तीस-चाळीस दिवसांत पक्षी वजनावर येतो, त्यात चूक काही नाही. चूक होते ती पहिल्या आठवड्यात, आणि साल्मोनेला या आतड्यातल्या रोगजंतूला तेवढा आठवडा पुरतो.

पहिल्या दिवसापासून पाण्यात अँटिबायोटिक

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नुकत्याच फुटलेल्या पिल्लाच्या आतड्यात जंतू जवळजवळ नसतातच. चांगले जंतू आधी वस्तीला आले, तर साल्मोनेलाला थारा मिळत नाही. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिले: मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पाजलेल्या पिल्लांत साल्मोनेला टिकाव धरेना. आपण मात्र ‘पोट साफ राहावं’ म्हणून औषध पाजतो आणि ती जागा मोकळी ठेवतो.

त्यात पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची. माणसात न्यूट्रोफिल या जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी जे काम करतात ते कोंबडीत हेटरोफिल पेशी करतात, पण पहिल्या आठवड्यात त्यांना जंतू धड मारता येत नाहीत. स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला अवकाश असतो. आईकडून बलकातून आलेली प्रतिपिंडे, एवढाच आधार. म्हणून मोठ्या कोंबडीला जाणवणारही नाहीत इतके थोडे जंतू एका दिवसाच्या पिल्लाला भारी पडतात. दुकानदार हे सांगत नाही, त्याला बाटली खपवायची असते. आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकची जुनी बाटली कपाटात असेल तर ती वापरू नका. कोंबड्या आणि खाण्यासाठी पाळलेल्या इतर जनावरांसाठी त्यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे.

गार शेड, उशिरा खाद्य

चोर्ला घाटातून रात्रभर पेटीत आलेल्या पिल्लाला आधी पाणी आणि ऊब हवी. पावसात वीज गेली, ब्रूडर (ऊब देणारा दिवा) बंद पडला की पिल्ले एकमेकांवर ढीग करतात. पहिल्या आठवड्यात लिटरच्या, म्हणजे जमिनीवरच्या अंथरणाच्या, पातळीवर ३२ ते ३५ अंश हवेत; थर्मामीटर छताला टांगून उपयोग नाही. पिल्ले उतरवल्यावर आठ-दहा तासांनी काहींची अन्नथैली बोटांनी चाचपा. मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. कडक लागली तर पाणी कमी पडते आहे. रिकामी असेल तर ते पिल्लू खाद्यापर्यंत पोचलेलेच नाही.

अंदाजाने उपचार

पांढरी हगवण, मागे चिकटून सुकलेली विष्ठा, की लगेच ‘कॉक्सी आहे’ (म्हणजे कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग) म्हणायचे. पहिल्या आठवड्यात कॉक्सी सहसा होतच नाही. ताज्या मेलेल्या पिल्लाच्या पोटात न जिरलेला घट्ट पिवळट बलक, यकृतावर पांढरे ठिपके आणि आंधळ्या आतड्यात पनीरसारखा गठ्ठा दिसला, तर संशय पुलोरमवर, म्हणजे पिल्लांना पांढरी हगवण लावणाऱ्या साल्मोनेलाच्या प्रकारावर, घ्यावा. हातमोजे घालूनच हाताळा. मेलेले पिल्लू बर्फावर ठेवून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, तेही औषध सुरू करण्याआधी. औषधानंतर दिलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाही आणि मग सगळेच चाचपडत बसतात.

मर थांबली म्हणजे सुटलो

पुलोरम आणि कोंबड्यांतला टायफॉइड करणारा साल्मोनेलाचा दुसरा प्रकार गॅलिनारम या दोघांना पोहायच्या शेपट्या नसतात. साल्मोनेलाची चाहूल आतड्याला एरवी या शेपट्यांवरून लागते. ती नाही, म्हणून दाहही फारसा नाही. जंतू गुपचूप प्लीहा आणि यकृतात जातो. जंतू गिळणे हे मॅक्रोफेज पेशींचे काम, हा त्यांच्यातच मुक्काम ठोकतो. तलंग (तरुण कोंबडी) अंड्यावर येते तेव्हा लपलेल्या जंतूला आवरणाऱ्या तिच्या टी-पेशींचा जोर काही दिवस ओसरतो. दबा धरलेला पुलोरम तेवढ्यात अंडाशयात उतरतो आणि अंड्यातून पुढच्या पिल्लांत जातो. मरीतून वाचलेल्या तलंगा ‘आता काटक झाल्या’ म्हणून परसात ठेवायच्या आणि त्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली घालायची, हे म्हणजे रोग घरात पाळणे.

एंटेरिटिडिस आणि टायफिम्युरियम या साल्मोनेलाच्याच आणखी दोन प्रकारांची तऱ्हा वेगळी. त्यांना शेपट्या असतात, आतडे पेटून उठते, हेटरोफिल धावतात आणि मोठ्या पक्ष्यात लागण बहुधा आतड्यातच अडते. पक्षी खातो, वजन धरतो आणि कित्येक आठवडे विष्ठेतून जंतू टाकत राहतो. आजारी पडतो तो अर्धकच्चे अंडे किंवा चिकन खाणारा.

लस दिली, बाकी देव बघेल

गंबोरोचा विषाणू बर्सा पोखरतो, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी जिथे तयार होतात ती पिशवीच. ती लस चुकली की साल्मोनेलाला रान मोकळे. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे विषही प्रतिकारशक्ती मारते. साल्मोनेलाची जिवंत लस देताना पाण्यात अँटिबायोटिक चालू असेल तर लसच मरते. मृत लशीने प्रतिपिंडे वाढतात, पण पेशीत लपलेल्या जंतूपर्यंत ती पोचत नाहीत.

उंदीर, पाली आणि विहिरीचे क्लोरीन न घातलेले पाणी यांवर वेगळे काय सांगायचे? शेणा-मातीने भरलेल्या बुटांवर जंतुनाशक चालत नाही, आधी बूट धुवा.

उबवणीसाठी ठेवायच्या कोंबड्यांची रक्तचाचणी सोळा आठवड्यांनंतर करून घ्या. पंखाच्या शिरेतला रक्ताचा थेंब रंगीत अँटिजेनमध्ये मिसळला की दोन मिनिटांत गुठळ्या धरतात किंवा धरत नाहीत. गुठळ्या धरणारी, म्हणजे लागण असलेली, कोंबडी काढून टाका आणि बाकीच्यांची चाचणी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करा, कारण नुकतीच लागण झालेली पहिल्या वेळी सुटते.