पाटाचं पाणी मोजायचं तर आधी शून्य पकडा

दिवाळी सरली की आमच्याकडे पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, बंधारा पडतो, पाट सुरू होतो आणि आगरांत शिपण्याच्या पाळ्या लागतात. शिमग्यानंतर पाणी आटू लागलं की ‘तुझ्या पाळीला जास्त, माझ्या पाळीला कमी’ हा वाद ठरलेला. तो नजरेच्या अंदाजाने मिटत नाही, मापाने मिटतो. मापासाठी व्ही-नॉच पुरतो. पत्र्यात कापलेली काटकोनी खाच, तिच्यातून पडणारं पाणी आणि एक पट्टी, एवढंच. इंजिनिअरिंगच्या मुलांकडून हा प्रयोग मी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत करून घेतला आहे, आणि हिवाळ्यात पाटांवरही बसवला आहे.

जागा सरळ, संथ आणि नॉचखाली पाणी मोकळं पडेल अशी हवी. खाडीजवळच्या आगरांत एक काळजी घ्या. उधाणाच्या भरतीला पाणी मागे तुंबून नॉचच्या टोकापर्यंत येत असेल, तर ती जागा सोडा.

पत्रा 2 मिलिमीटर जाडीचा, गंजणार नाही असा घ्या. प्लायवूड नको, ते फुगतं. खाच 15 सेंटिमीटर खोल, वर 30 सेंटिमीटर रुंद. म्हणजे खालच्या टोकाशी बरोबर 90 अंश. पाणी येतं त्या बाजूची कड तीक्ष्ण राहू द्या, कानस फक्त उलट बाजूने मारा. खाचेचं टोक तळापासून किमान 20 सेंटिमीटर वर ठेवा. पत्रा दोन्ही काठांत नीट रुतवा, ओळंब्यात उभा करा आणि दोन्ही बाजूंना मातीच्या पिशव्या रचा. पिशव्यांचा पाया रुंद धरा. 35 सेंटिमीटर पाणी अडलं तर मीटरभर लांबीवर साठेक किलोंचा रेटा येतो, आणि खोली दुप्पट केली की रेटा चौपट होतो. तळाशी चिकणमाती दाबून भरा. काठात कुर्ल्यांची बिळं असतील तर ती आधी बुजवा. बिळातून जे पाणी जातं ते नॉचला दिसतच नाही.

आता शून्य. सगळं माप इथे ठरतं आणि सगळा घोटाळाही इथेच होतो.

नॉचमधून किती पाणी जातं ते टोकापासून पाणी किती उंच आहे, म्हणजे हेड किती आहे, त्यावरून कळतं. ही उंची नॉचच्या तोंडाशी मोजायची नाही, कारण तिथे पाणी खाली झुकलेलं असतं. सर्वांत जास्त हेडच्या चौपट अंतरावर, म्हणजे इथे 60 सेंटिमीटर मागे, पट्टी उभी करायची. मग त्या पट्टीवर ‘टोकाची पातळी’ कुठे येते? बहुतेक ठिकाणी सांगतात, पाणी बंद करा, नॉचमधून पडायचं थांबलं की जी पातळी दिसेल ते शून्य. हा सल्ला चुकीचा आहे. तो मानू नका.

पाणी थांबतं ते टोकाच्या पातळीला नाही, त्याच्या वर. जवळून पाहा. धार तुटते, शेवटचे थेंब पडतात, आणि खाचेच्या कोपऱ्यात पाण्याचा एक छोटा फुगार कडेला धरून राहतो, बाहेर पडत नाही. पृष्ठताण त्याला पडू देत नाही. ही दोन-तीन मिलिमीटरची फसवणूक प्रत्येक मापात मुरते. हेड 5 सेंटिमीटर असताना 3 मिलिमीटर कमी वाचलं गेलं, तर मुलांचा सीडी, म्हणजे प्रत्यक्ष पडणारं पाणी आणि सूत्राने येणारं पाणी यांचं गुणोत्तर, 0.585 च्या जागी 0.68 येतो, 10 सेंटिमीटरला तोच 0.63 येतो. मग ती जर्नलमध्ये लिहितात, ‘हेड वाढला की सीडी कमी होतो.’ सीडी थोडा बदलतो हे खरं, पण इतका नाही. दोन वर्षं अशा जर्नलांवर मी सह्या केल्या आहेत. चूक पातळी मोजणाऱ्या हुक गेजची नव्हती, मुलांचीही नव्हती. शून्य मीच तसं घ्यायला सांगत होतो.

शून्य कोरड्यात घ्या, पाणी अडवण्याआधी. मीटरभर लांब, सरळ पीव्हीसी पाइप घ्या. माझा बाहेरून 50 मिलिमीटर आहे. त्याचं एक टोक खाचेत ठेवा. काटकोनात गोल पाइप दोन्ही कडांवर टेकतो, खाचेच्या अगदी टोकाला शिवतच नाही. त्यामुळे कापताना टोक थोडं बोथट झालं असेल तरी बिघडत नाही. पाइपची वरची कड टोकापासून व्यासाच्या 1.207 पट उंचीवर येते. 50 च्या पाइपला 60 मिलिमीटर. पाइप पत्र्याशी काटकोनात आहे ना, ते गुण्याने पाहा. तिरका ठेवला तर हिशेब चुकतो. मागचं टोक पट्टीच्या खुंटाशी धरून पाणसळीने आडवं करा. मग पाणसळ उलटी फिरवून पुन्हा बघा. बुडबुडा दुसरीकडे सरकला तर ती पाणसळ खोटी आहे. पाइपही अर्धा फिरवून पाहा, वाकलेला असेल तर तिथेच कळेल. खुंटावर पाइपच्या वरच्या कडेची खूण करा आणि तिच्या खाली 60 मिलिमीटर मोजा. ते तुमचं शून्य.

खुंट लाकडी नको. कातळात तो शिरत नाही आणि मातीत हलतो. चिऱ्याला भोक पाडून त्यात लोखंडी अँगल सिमेंटने बसवा आणि स्टीलची पट्टी त्याला आवळा.

पुढचं काम सोपं आहे. पाणी सोडा, तासभर थांबा, पातळी स्थिर झाली की वाचा. हेड 5 सेंटिमीटर असेल तर सेकंदाला 0.77 लिटर, 6 ला 1.22, 8 ला 2.5, 10 ला 4.37, 12 ला 6.9. हेड दुप्पट झालं की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं. म्हणून तर एकेक मिलिमीटर जपायचा. 5 सेंटिमीटरवर 12 तासांची पाळी म्हणजे 33,000 लिटरच्या वर पाणी.

एप्रिलमध्ये हेड 5 च्या खाली गेलं की धार पत्र्याला चिकटून उतरू लागते आणि हे आकडे लागू पडत नाहीत. तेव्हा 20 लिटरची बादली धारेखाली धरा आणि घड्याळ लावा. तीनदा भरा, सरासरी काढा. नॉच नवा असताना एकदा 6 सेंटिमीटरच्या आसपासही बादली लावून बघा. 16-17 सेकंदांत भरली तर शून्य बरोबर लागलंय.

पाला रोज काढा, काढल्यावर दहा मिनिटं थांबूनच वाचा. आठव्या दिवशी पाइप पुन्हा खाचेत ठेवा, कारण पिशव्या पहिल्या आठवड्यात बसतात आणि पत्राही त्यांच्याबरोबर खचतो. एका पाटावर माझा पत्रा 4 मिलिमीटर खचला होता. 6 सेंटिमीटरच्या हेडला त्याने माप सतरा टक्क्यांनी फिरवलं, आणि तोवर त्या मापावर दोन घरांच्या पाळ्या वाटून झाल्या होत्या.