बीएमटीनंतर तोंड झोंबतंय? नुसतं ‘तोंड आलंय’ म्हणून सोडू नका

धाकट्या भावाचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी) झालं, डोनर मीच, आणि सात-आठ महिन्यांनी त्याला टूथपेस्ट झोंबायला लागली. घरात सगळे म्हणाले तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स दे. पण टॉर्च मारून बघितलं तर गालाच्या आत जाळीसारख्या पांढऱ्या रेघा, मधे लालभडक, एका बाजूला पिवळट व्रण. क्रॉनिक जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज) निघालं, म्हणजे माझ्याच पेशी त्याच्या तोंडाशी भांडतायत (हे तो मला रोज ऐकवतो).

मुख्य उपचार स्टेरॉइडच्या गुळण्या, पण खळखळून लगेच थुंकलं की औषध वाया. आम्ही पहिला महिना तेच केलं आणि वर गुण येत नाही म्हणून कुरकुरत बसलो. डेक्सामेथासोनचं ५ मिली औषध तोंडात घ्यायचं, मोबाईलवर ५ मिनिटांचा टायमर लावायचा, सगळीकडे फिरवत राहायचं, मग थुंकायचं, गिळायचं नाही, आणि पुढची १५ मिनिटं पाणीसुद्धा नाही. दिवसातून किती वेळा ते डॉक्टर सांगतील, त्याला ४ वेळा होतं. याने तोंडात बुरशी होऊ शकते, तिचा पांढरा थर बहुतेक वेळा पुसला जातो, रेघा पुसल्या जात नाहीत, पुसला जाणारा थर दिसला तर लगेच दाखवा.

ठेचा, लोणचं, टोमॅटो, चिंच, कडक चिवडा बंद. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, तेही कोमट. जेवताना टाळूवर पाण्याचे बारीक फोड आले तर घाबरू नका, लाळेच्या ग्रंथी तुंबल्या की येतात, आपोआप फुटतात.

लाळ कमी झाली की दात हिरडीलगत भराभर किडतात, आणि इथेच लोक दुर्लक्ष करतात. पुदिन्याची पेस्ट नको, लहान मुलांची चालेल पण त्यात फ्लोराइड किमान १००० पीपीएम आहे का ते बघून घ्या. घोटघोट पाणी पीत राहा, साखर नसलेलं झायलिटॉलचं च्युइंगम चघळा, लिंबाच्या गोळ्या मात्र नको.

दात काढायचा असेल तर आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन, प्लेटलेट किती, अँटिबायोटिक लागेल का, हाडांसाठी झोलेड्रोनिकचं इंजेक्शन झालंय का हे सगळं बघावं लागतं. तोंड आधीपेक्षा कमी उघडायला लागलं तर तेही सांगा.

तंबाखू, गुटखा, सुपारी तर विषयच नको, कारण या पेशंटना पुढे कित्येक वर्षं तोंडाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. दर ६ महिन्यांनी तोंड तपासून घ्या, आणि एखादा व्रण किंवा गाठ २ आठवड्यांत गेली नाही तर ‘जीव्हीएचडीचंच असेल’ म्हणून घरी बसू नका, बायोप्सीचं विचारा.