मेंदूच्या स्कॅनसाठी डेटाबेस निवडताना

एमआरआयचा डेटा साठवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हे ठरवायच्या आधी एक बघा, तुमचा खरा गुंता फाईलींचा आहे की माणसांच्या माहितीचा? म्हणजे स्कॅनरमधून डायकॉम फाईली (वैद्यकीय स्कॅनचा ठरलेला फाईल प्रकार) थेट याव्यात, प्रोजेक्टप्रमाणे लागाव्यात, कोणाला काय दिसेल ते ठरवता यावं एवढंच हवं असेल तर एक्सनॅट बघा, फुकट आणि ओपन सोर्स आहे, आतून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्यामुळे सर्व्हर सांभाळणारं कोणीतरी लागतंच (हे लोक हमखास विसरतात!). तेच लोक वर्षानुवर्षं परत परत तपासायचेत, सोबत प्रश्नावल्या, वागणुकीच्या टेस्ट, चार-पाच सेंटर असतील तर लोरिस जास्त सोयीचं, ते मॉन्ट्रियलमध्ये अशाच अभ्यासांसाठी बनलंय. नुसता हलका डायकॉम सर्व्हर पाहिजे असेल तर ऑर्थँक पुरे.

आणि खरं सांगू का, वीस-तीस स्कॅनच असतील तर डेटाबेसच्या भानगडीत पडूच नका, २०१६ साली आलेल्या बिड्स पद्धतीने (स्कॅनच्या फाईलींना नावं कशी द्यायची, कुठे ठेवायच्या याचे ठरलेले नियम) फोल्डर लावा, फाईलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळायला डेटालॅड हे सॉफ्टवेअर वापरा, झालं. उद्या मोठ्या सिस्टीमवर गेलात तरी ही मेहनत वाया जात नाही.

काहीही घ्या पण आधी दोन-तीन स्कॅन टाकून परत सगळे बाहेर काढून बघा, आत टाकणं सगळीकडेच सोपं असतं. आणि हेडरमधलं (फाईलीत स्कॅनसोबत साठवलेल्या माहितीतलं) नाव काढलं म्हणजे झालं असं नाही हां, स्कॅनवरून चेहरा परत तयार करता येतो, तेव्हा शेअर करण्याआधी डीफेसिंग करा, म्हणजे स्कॅनमधला चेहऱ्याचा भाग काढून टाका.