कॉलेज बास्केटबॉल कोचची कारकीर्द कशी वाचावी

जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. तोच प्रमाण मानला तर कॅन्सस विद्यापीठाचा सगळ्यात वाईट हेड कोच जेम्स नेस्मिथ ठरतो: ५५ विजय, ६० पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला कॅन्ससचा तो एकमेव हेड कोच. १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला तोही त्यानेच!

अमेरिकेत शिकत असताना मी आमच्या कॉलेजच्या पुरुष संघाच्या व्हिडिओ रूममध्ये काम करायचो. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांमधून पिक-अँड-रोल (एकाने बचाव करणाऱ्याला अडवून जोडीदाराला वाट मोकळी करून द्यायचा डाव) वेगळे काढायचे, इनबाउंडचे, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकतानाचे, डाव वेगळे लावायचे, सकाळच्या आत असिस्टंट कोचच्या हातात द्यायचे. तिथे हेड कोच कोर्टवर दिसायचा त्यापेक्षा फोनवर जास्त दिसायचा. कधी एखाद्या सतरा वर्षांच्या पोराशी, कधी त्याच्या आईशी, कधी त्याच्या हायस्कूलच्या कोचशी, पोराला संघात आणण्यासाठी बोलणं चाललेलं. ते पाहिल्यापासून कोणत्याही कोचचं नाव निघालं की मी त्याची कारकीर्द एका ठरलेल्या क्रमाने तपासतो.

पहिला प्रश्न: त्याच्या हाती काय आलं होतं? जमीन घेताना सातबाऱ्यावरचं आजचं नाव बघून कोणी थांबत नाही, जुने फेरफार काढून बघतो. इथेही तेच करा. बिल सेल्फ १९९३ मध्ये ओरल रॉबर्ट्स विद्यापीठात पहिल्यांदा हेड कोच झाला. पहिला हंगाम ६–२१ (६ विजय, २१ पराभव), दुसरा १०–१७, चौथा २१–७. पुढे तो टल्सा आणि इलिनॉय करून २००३ मध्ये कॅन्ससला गेला आणि २००८ व २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मला विचाराल तर ओरल रॉबर्ट्सचे ते चार हंगाम जास्त बोलके आहेत. कॅन्ससच्या नावाला भुलून खेळाडू येतात. ओरल रॉबर्ट्सला त्यांची मनधरणी करावी लागते.

दुसरं, हंगाम सुटे वाचू नका, एका वेळी भरती झालेल्या मुलांची तुकडी धरून वाचा. माइक शशेफ्स्की, म्हणजे सगळ्यांचा कोच के, याचा आर्मी, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघातला, कोच म्हणून शेवटचा हंगाम ९–१७ होता. तरी ड्यूक विद्यापीठाने १९८० मध्ये त्याला घेतलं. तिथले पहिले तीन हंगाम मिळून ३८–४७. एवढंच वाचलंत तर माणूस नापास. पण १९८२ मध्ये जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी आणि जे बिलास आले होते. त्यांच्या पहिल्या वर्षी संघ ११–१७ राहिला. हीच मुलं शेवटच्या वर्षाला पोचली तेव्हा, १९८५–८६ मध्ये, ड्यूक ३७–३ होतं आणि थेट फायनलमध्ये, जिथे लुइव्हिलने त्यांना हरवलं. तिसऱ्या वर्षी ड्यूकच्या संचालकांचा धीर सुटला असता तर नंतरची पाच विजेतेपदं दुसऱ्याच कुणाच्या तरी नशिबी आली असती, किंवा कुणाच्याच नाही. जॉन वुडनही १९४८ मध्ये यूसीएलएला (लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात) आला आणि पहिलं विजेतेपद १९६४ मध्ये मिळालं. १९७५ पर्यंत दहा झाली, आणि लोकांना ती दहाच आठवतात.

तिसरं, तो कोणाच्या शेजारी बसून शिकला ते बघा. इथे कॅन्ससची साखळी फार मजेदार आहे. नेस्मिथचा शिष्य फॉग अ‍ॅलन. अ‍ॅलनच्या १९५२ च्या विजेत्या संघात डीन स्मिथ. नॉर्थ कॅरोलायनात स्मिथच्या हाताखाली खेळला लॅरी ब्राउन. ब्राउन कॅन्ससला कोच झाला तेव्हा त्याच्या हाताखाली शिकला बिल सेल्फ. टीव्हीवर अशा वंशावळी शोभेसाठी दाखवतात. तुम्ही मात्र विचारा, त्याने गुरूकडून नेमकं काय उचललं? टोनी बेनेटच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. पॅक-लाइन बचाव, म्हणजे बास्केटजवळ दाटी करून राहायची पद्धत, त्याने वडिलांकडून, डिक बेनेटकडून घेतला, आणि व्हर्जिनिया विद्यापीठात त्याच जोरावर संघ उभा केला.

राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या मार्चमधल्या स्पर्धेवरून निकाल लावायची घाई नको. त्याच बेनेटचा पहिल्या मानांकनाचा संघ २०१८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ५४–७४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधी झालं नव्हतं. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया विजेतं. एका सामन्यात बाद होणारी स्पर्धा आहे ती.

रद्द झालेले विजयही तपासा. जिम बोहाइमच्या सिराक्यूज संघांनी कोर्टवर १,११६ सामने जिंकले, अधिकृत नोंद १,०१५ ची आहे, कारण २०१५ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, १०१ विजय काढून घेतले. मी दोन्ही आकडे लिहून ठेवतो.

आता अडचणीचा भाग. तुकडी धरून वाचायची पद्धत २०२१ पासून लंगडी पडली आहे. त्या वर्षी खेळाडूंना एक वर्ष न खेळता बसून न राहता एकदा कॉलेज बदलायची मुभा मिळाली आणि जुलैपासून स्वतःच्या नावावर, जाहिराती वगैरेंतून, पैसे कमवायचीही. आता मुलं चार वर्षं थांबतीलच असं नाही. म्हणून मी सुरुवातीच्या पाच खेळाडूंची विभागणी करतो: स्वतः घडवलेले किती, नवे किती, बाहेरून आणलेले किती. डॅन हर्लीचा २०२४ चा विजेता यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) घ्या. अ‍ॅलेक्स कारबान आणि डोनोव्हन क्लिंगन घरचे, स्टीफन कासल पहिल्या वर्षाचा, ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायनाहून आणि कॅम स्पेन्सर रटगर्सहून आलेला. पाच जणांना एका पद्धतीने खेळवणं, तेही लागोपाठच्या दुसऱ्या विजेतेपदासाठी, हे मला नुसत्या भरतीपेक्षा मोठं काम वाटतं.

२०२५ मध्ये टॉड गोल्डनचं फ्लोरिडा जिंकलं. फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला वॉल्टर क्लेटन. त्याची कॉलेजची पहिली दोन वर्षं आयोना विद्यापीठात गेली होती, रिक पिटिनोच्या हाताखाली. मग हे श्रेय कोणाच्या खात्यात? मी क्लेटनचं नाव दोघांच्याही पानावर लिहिलंय, आणि पिटिनोच्या पानावर जरा ठळक.