'जरा बघून द्या' म्हणजे नेमके काय? शोधप्रबंधांचे स्वतंत्रपणे संपादन करणाऱ्यांसाठी

शोधप्रबंधाचे काम बहुधा फोनवर येते आणि त्याचे पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते: 'मॅडम, प्रबंध झाला आहे, फक्त जरा बघून द्यायचा आहे.' या 'बघून देण्या'त शुद्धलेखन तपासण्यापासून चौथे प्रकरण नव्याने लिहून देण्यापर्यंत काहीही मावते. बोलणाऱ्याला याची कल्पना नसते असे नाही. संकोचापोटी तो मुद्दामच ढिला शब्द वापरतो. म्हणून दर सांगण्याच्या आधी, किंबहुना होकार देण्याच्याही आधी, क्रियापद ठरवून घ्यावे. मुद्रितशोधन हवे आहे, भाषासंपादन हवे आहे, इंग्रजीतून मराठीत अनुवाद हवा आहे, की संदर्भसूची एका पद्धतीने लावून हवी आहे? ही चारही कामे प्रतिष्ठेची आहेत आणि चारहींचे दर वेगळे आहेत. पाचवे काम, म्हणजे संशोधकाच्या नावावर लिहून देणे, घेऊ नये.

हा नकार केवळ नीतीच्या आग्रहातून आलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार, सादर केलेले लेखन आपले स्वतःचे आहे असे हमीपत्र संशोधकाला द्यावे लागते. त्या हमीपत्राखाली तुमची सही नसते. पण ते खोटे ठरण्याचे कारण तुम्ही असता, आणि उद्या प्रकरण उघडकीस आले तर संशोधक पहिले बोट तुमच्याकडेच दाखवतो. नकार देताना उपदेश करू नये. 'लेखन आपलेच राहील. आपण लिहिलेले अधिक स्पष्ट करून देण्याची जबाबदारी मी घेते,' एवढे सांगितले की पुरते. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात. उरलेल्या निम्म्यांबरोबर काम चांगले होते.

लिहून देण्याचीच एक मवाळ आवृत्ती सध्या फार मागितली जाते: 'टक्केवारी तेवढी खाली आणून द्या.' ही टक्केवारी म्हणजे इतरांच्या लेखनाशी शब्दशः जुळणाऱ्या मजकुराचे, अर्थात साम्याचे, प्रमाण. याच विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. 40 ते 60 टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. आणि 60 टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. या आकड्यांच्या धास्तीने संशोधक समानार्थी शब्दांची अदलाबदल करून मागतो. तसे करून दिल्याने उसना विचार उसनाच राहतो, वाक्य मात्र बिघडते. त्याऐवजी साम्याचा अहवालच मागवावा आणि तो त्याच्यासोबत बसून वाचावा. अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाणित समीकरणे यांची गणना साम्यात होत नाही. सलग 14 शब्दांपर्यंतचा सामान्य ज्ञानाचा मजकूरही वगळला जातो. पुष्कळदा संशोधकाने अवतरणचिन्हेच घातलेली नसतात, आणि ती घालून नीट संदर्भ दिला की आकडा आपोआप उतरतो. जे परिच्छेद त्यानंतरही उरतात ते पुन्हा त्यानेच लिहावेत. आपण समासात खूण करावी, उत्तर लिहू नये.

परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध लिहून घेणाऱ्या मध्यस्थांचे संदेशही येत राहतात. शब्दामागे दर आकर्षक वाटतो, मुदत मात्र उद्या सकाळची असते. अशा सेवा पैसे घेऊन पुरवणे इंग्लंडमध्ये 2022 च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, तर ऑस्ट्रेलियाने 2020 मध्येच तसा कायदा केला आहे. या मध्यस्थांना उत्तर देण्याचीही गरज नाही.

काम घ्यायचे ठरल्यावर पूर्ण फाइल मागावी. फक्त पहिले प्रकरण नमुन्यादाखल पाठवण्याची पद्धत आहे, आणि तिला भुलू नये; पहिले प्रकरण आराखड्याच्या वेळेपासून मार्गदर्शकांच्या हाताखालून चारदा गेलेले असते, तर पाचवे प्रकरण मुदतीच्या आदल्या महिन्यात रात्री जागून लिहिलेले असते. तिसऱ्या आणि पाचव्या प्रकरणांच्या मधून प्रत्येकी पाच पाने निवडावीत, घड्याळ लावून ती संपादित करावीत आणि त्यावरून हिशेब मांडावा. समजा प्रबंध 70,000 शब्दांचा आहे आणि तुमचा वेग तासाला 900 शब्दांचा निघाला. म्हणजे पहिल्या वाचनालाच सुमारे 78 तास झाले. दुसरे वाचन, संदर्भसूची आणि फोन (फोनचे तास कुणीच मोजत नाही, म्हणूनच लिहिते) मिळून आणखी 25 तास धरले तर शंभराच्या वर तास होतात. दिवसाला चार तास एकाग्रतेने बसणारा माणूस हे काम महिन्याच्या आत क्वचितच पूर्ण करतो. 'दहा दिवसांत होईल ना?' या प्रश्नाला या हिशेबाने उत्तर द्यावे, अंदाजाने नव्हे.

दर पानावर सांगू नये. टंकाचा आकार आणि दोन ओळींतले अंतर बदलले की तेच प्रकरण चाळीस पानांचे साठ पानी होते किंवा उलट. शब्दांवर दर सांगावा, आणि अनुवाद असेल तर मूळ मजकुराचे शब्द मोजायचे की अनुवादाचे हेही आधीच लिहावे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहिली जात असल्याने इंग्रजीतले पाच-सहा शब्द मराठीत दोन-तीन शब्दांत बसतात. अनुवादित शब्दांवर दर घेणारा अनुवादक जितके नेटके लिहील तितके कमी कमावतो. मूळ शब्दांवर दर घेतला की हा अन्याय टळतो.

टंकाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यात आठवडे जातात. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत बसवलेली फाइल युनिकोडमध्ये आणताना रफार जागा सोडतात, 'वाऱ्या'तला 'ऱ्य' फुटतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. शिवाय असा मजकूर साम्य तपासणाऱ्या प्रणालीला देवनागरी म्हणून वाचताच येत नाही, त्यामुळे तिथून मिळालेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. युनिकोड रूपांतर कोणी करायचे आणि त्यानंतरच्या दुरुस्तीचे किती पैसे, हे स्वतंत्र कलम म्हणून ठेवावे. मी संशोधकालाच ते टंकलेखनाच्या ठिकाणाहून करून आणायला सांगते आणि त्यानंतरच तारीख देते.

आता लेखी ठरावाविषयी. वकिली करारनामा लागत नाही. एक ईमेल आणि त्यावर 'मान्य' असे उत्तर पुरेसे आहे. माझा मजकूर साधारण असा असतो: 'आपल्या प्रबंधाच्या सहा प्रकरणांचे, एकूण सुमारे 70,000 शब्दांचे, भाषासंपादन मी करणार आहे. यात शुद्धलेखन, वाक्यरचना, परिभाषेची एकवाक्यता आणि संदर्भांची मांडणी येते. नवा मजकूर लिहिणे, आकडेवारीचे विश्लेषण आणि साम्याची टक्केवारी यांची जबाबदारी यात येत नाही. मार्गदर्शकांनी मान्य केलेली प्रतच आपण पाठवावी. संपादित प्रत मिळाल्यापासून 15 दिवसांत आलेल्या शंकांची एक फेरी या दरात आहे. त्यानंतर मजकुरात बदल झाल्यास त्या भागाचा वेगळा आकार लागेल. आपण भाषासंपादन करून घेत आहात हे मार्गदर्शकांना कळवावे, ही विनंती.'

यातले मार्गदर्शकांविषयीचे वाक्य अनेकांना खटकते, आणि मी ते कधीच गाळत नाही. या व्यवहारात बोलणारा ग्राहक एक असला तरी निर्णय देणारा दुसरा असतो. संशोधक तुम्ही सुचवलेला बदल स्वीकारतो, मार्गदर्शक तोच फिरवतात, आणि फाइल तिसऱ्यांदा तुमच्याकडे येते. माझ्याकडच्या एका प्रबंधात 'शासन' हवे की 'राज्यसंस्था' यावर दीडशे पाने दोनदा उलटसुलट झाली. तेव्हापासून परिभाषेचा तक्ता मी पहिल्या आठवड्यातच करते: संशोधकाने वापरलेल्या महत्त्वाच्या पन्नास-साठ संज्ञा, त्यांपुढे भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातला पर्याय आणि शेवटचा रकाना मार्गदर्शकांच्या पसंतीचा. तो रकाना भरून आल्याशिवाय दुसरे प्रकरण उघडत नाही. मार्गदर्शकांशी थेट बोलण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांना आपण आल्याचे माहीत असावे, पण निरोप संशोधकानेच न्यावा.

शुद्धलेखनाबाबतही असाच एक निर्णय आधी हवा. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार नियम प्रमाण मानायचे, यावर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो जुन्या उताऱ्यांवर. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, असे याच नियमांत सांगितले आहे. त्यामुळे लोकहितवादींच्या उताऱ्यातले अनुस्वार 'चुका' म्हणून काढणारा संपादक स्वतःच चूक करत असतो, आणि हे संशोधकाला नियम दाखवूनच पटवावे लागते. चिपळूणकरांनंतरच्या उताऱ्यांना नियमांनुसार वळवायचे की पुस्तकातल्याप्रमाणे ठेवायचे, हे मार्गदर्शकांकडून लेखी घ्यावे.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेली प्रकरणे येऊ लागली आहेत. भाषा गुळगुळीत असते. खरी गोची संदर्भांत असते, कारण सूचीतली काही पुस्तके अस्तित्वातच नसतात. प्रत्येक प्रकरणातले पाच संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत शोधून पाहावेत. सापडले नाहीत तर जवळचे दुसरे पुस्तक घालून देऊ नये. 'हा संदर्भ आढळला नाही, कृपया मूळ प्रत पाहावी' अशी टीप ठेवून पुढे जावे. अशा टिपा तीनपेक्षा जास्त झाल्या की मी काम थांबवते आणि झालेल्या कामाचेच पैसे घेते.

पैशांचे तीन भाग करावेत: एक तृतीयांश सुरुवातीला, एक तृतीयांश निम्मी प्रकरणे दिल्यावर, उरलेले शेवटची फाइल देताना. सगळी रक्कम 'व्हायव्हा (मौखिक परीक्षा) झाल्यावर' घेण्याचे कधीही मान्य करू नये. माझ्या पहिल्या वर्षात मी ते मान्य केले होते. पदवीचा पेढा मिळाला, पैसे मिळाले नाहीत. बदलांच्या खुणा दाखवणारी फाइल टप्प्याटप्प्याने द्यावी आणि खुणा काढलेली स्वच्छ प्रत शेवटच्या हप्त्यानंतर. मात्र सादरीकरणाला दोन दिवस उरले असताना फाइल अडवून धरू नये. ती वेळ वसुलीची नव्हे, आणि त्या एका प्रसंगाची चर्चा विभागभर होते.

संस्था ग्राहक असेल, उदाहरणार्थ महाविद्यालय, प्रकाशक किंवा मुक्त विद्यापीठाचा अभ्यासघटक लिहून घेणारे केंद्र, तर व्यवहाराची रीत बदलते. देयक पॅन क्रमांकासह द्यावे. व्यावसायिक शुल्कातून सहसा 10 टक्के कर आधीच कापला जातो, तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर जमा दिसतो का हे पाहावे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, काम सुरू करण्याआधीच करून ठेवावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी ठराव नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. पुढे चक्रवाढ व्याज लागू होते. देयकाखाली ही एक ओळ छापली की लेखा विभागातली फाइल हलते, असा माझा अनुभव आहे.

अभ्यासघटक लिहून देताना तुम्ही संपादक नसून लेखक असता, तेव्हा हक्कही पाहावेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीतल्या लेखनाला वेगळा नियम आहे; स्वतंत्र लेखक मात्र आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो आणि हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. त्या लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. संस्थेच्या छापील मसुद्यात बहुधा 'कायमस्वरूपी व सर्व माध्यमांसाठी' असे असते. ते मान्य करायचे तर मानधन त्या हिशेबाने मागावे, आणि घटकावर लेखक म्हणून नाव छापले जाईल, हे वाक्य स्वतः घालून घ्यावे.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात संपादकाचे नाव यावे की नाही, हे संशोधकावर सोडावे. पण 'तुमचे नाव कुठेच यायला नको, कुणाला कळायलाही नको' असे कोणी सुरुवातीलाच म्हणाले, तर ठरलेली कामाची व्याप्ती पुन्हा एकदा वाचून दाखवावी. पदवी जाहीर झाल्यावर प्रबंधाच्या फायली संगणकावरून काढून टाकाव्यात आणि तसे संशोधकाला कळवावे. 'मान्य' असे उत्तर आलेला पहिला ईमेल आणि खुणांसह दिलेली शेवटची प्रत तेवढी जपून ठेवावी, कारण प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) चढल्यानंतर दोन-तीन वर्षांनीही 'हे वाक्य कोणी बदलले?' असा फोन येऊ शकतो.