सेंट लुशियात झिपलाइन आणि जंगलफेरी: या चुका टाळा

“झालं की सगळं! आता परत चालायचं कशाला?” हेल्मेटचा पट्टा सोडवत वहिनींनी विचारलं. क्रूझने सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर येऊन आम्ही झिपलाइन, म्हणजे उंचावर ताणलेल्या तारेला लटकून घसरत जायचा खेळ, करायला आलो होतो. दुपारचे साडेबारा वाजले होते. सगळ्या तारांवरून घसरून झालं होतं, मुलांना भूक लागली होती आणि गाइड बिचारा सांगत होता की तिकिटात तासाभराची जंगलफेरीसुद्धा आहे. आम्ही ती वीस मिनिटांत उरकली. या बेटाचा खास पोपट दिसला नाही. त्या वेळी तो दिसणारही नव्हता, पण हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक!

पुढे काही वर्षांनी मी आणि नवरा पुन्हा सेंट लुशियाला गेलो, या खेपेला विमानाने, चार दिवस राहायला. तेव्हा लक्षात आलं की पहिल्या वेळी आमचा सगळा क्रमच उलटा होता. आपण पैसे तारेसाठी मोजतो आणि जंगलाला फुकटात मिळालेलं समजतो. तारेवरून जाताना खाली नुसता हिरवा रंग पळताना दिसतो. त्या हिरव्यात काय काय आहे, ते पायी चालणाऱ्यालाच कळतं. तेव्हा सहल निवडताना पहिला प्रश्न “तारा किती?” हा विचारू नका. चालणं किती, किती वाजता आणि सोबत कोण, ते विचारा.

घड्याळ आणि रस्ता

अमेरिकेतली आपली बरीच मंडळी इथे क्रूझने जातात, आणि त्यांची पहिली गफलत जहाजावरच होते. सेंट लुशियाची वेळ वर्षभर ग्रीनिचच्या चार तास मागे असते, त्यात बदल नाही. मायामी मात्र हिवाळ्यात पाच तास मागे असतं. काही जहाजं बेटाप्रमाणे घड्याळ बदलतात, काही आपलीच वेळ धरून चालतात. आमच्या जहाजाने बदललं नव्हतं. “नऊ वाजता बंदराच्या फाटकाशी या,” असं सहलवाल्याने कळवलेलं, आणि आम्ही जहाजातल्या घड्याळाप्रमाणे पावणेनऊला ऐटीत उतरलो. बेटावर तेव्हा पावणेदहा वाजले होते. व्हॅन गेलेली. दादाने पुष्कळ हुज्जत घातली, शेवटी दुसऱ्या तुकडीत जागा मिळाली, आणि अशा रीतीने आमची जंगलफेरी भर दुपारी आली. बुकिंग करताना एकच वाक्य लिहून विचारा: ही वेळ बेटाची की जहाजाची?

परतीचंही तसंच. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून स्वस्तात ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. बाहेरून घेऊ नका असं मी म्हणत नाही, आम्हीही घेतलीच होती. फक्त जहाजावर चढायच्या शेवटच्या वेळेआधी दोन तास तरी हाताशी ठेवा.

कारण रस्ते. नकाशात बेट ४३ किलोमीटर लांब आणि जेमतेम २२ रुंद. ते पाहून वाटतं, पुण्याहून लोणावळ्याला जाण्याएवढंही नाही. पण मधोमध डोंगररांग आहे आणि रस्ता तिच्या अंगाखांद्यावरून वळणं घेत जातो. जहाजं उत्तरेकडच्या कॅस्ट्रीजला लागतात. बाबोनोजवळच्या शासँचं जंगल तिथून जवळ. डेनरी पूर्व किनाऱ्याच्या बाजूला, बार्र द लील नावाची डोंगरधार ओलांडून. सूफ्रिएर, म्हणजे जिथे दोन पिटोन शिखरं समुद्रातून सरळ वर उठतात ते गाव, नैऋत्येला आहे आणि तिथे पोहोचायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. एका दिवसात शासँची झिपलाइन, सूफ्रिएरचे गंधकाचे झरे आणि वर समुद्रस्नान, असा बेत करणाऱ्यांचा दिवस व्हॅनच्या खिडकीत संपतो. विमानाने येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: ह्यूअनोरा हा मोठा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, आणि बरीच हॉटेलं उत्तरेला. उतरल्या दिवशी झिपलाइन ठेवू नका.

घाटात ज्यांना गाडी लागते ते सवयीने उलटीची गोळी घेतात. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. आमच्या मेव्हण्यांनी गोळी घेतली, व्हॅनमध्ये झोपले, आणि सुरक्षेच्या सूचना चालू असताना उभ्याउभ्या पेंगत होते. तारेवर जायचंय तर गुंगी न आणणारा पर्याय डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, नाहीतर पुढच्या सीटवर बसा आणि रिकाम्या पोटी निघू नका. पुढे बसल्याचा आणखी एक फायदा म्हणजे ड्रायव्हरशी गप्पा. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्याने लगेच २४ जून २०२४ चा विषय काढला. याच बेटावर, ग्रोझ आइलेटच्या डॅरेन सॅमी मैदानात, आपल्या बोरिवलीच्या रोहितने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा केल्या होत्या. पुढचा अर्धा तास वळणं कोणालाच जाणवली नाहीत.

अंगावर काय

मिलिटरी छापाचे कपडे घेऊन जाऊ नका. हे वाचून हसू येईल, पण सेंट लुशियात सामान्य नागरिकाने असे कपडे घालणं बेकायदा आहे, आणि कॅरिबियनमधल्या इतर काही देशांतही तसंच. मुलांच्या कार्गो चड्ड्या, टोप्या, पाठीवरच्या सॅकसुद्धा त्यात येतात. आपल्याकडे जंगल म्हटलं की नेमके तेच कपडे बाहेर निघतात.

बाकी साधं. पुढून बंद असलेले, लेस घट्ट बांधता येणारे बूट. चप्पल-सँडल घातली असेल तर वर सोडतच नाहीत. पँट किंवा लेगिंग मांडीपर्यंत तरी झाकणारी हवी, कारण हार्नेसचे, म्हणजे तारेला लटकण्यासाठी कमरेला आणि मांड्यांना बांधतात त्या साजाचे, पट्टे उघड्या मांडीला काचतात. ओढणी, लोंबते कानातले, लांब मंगळसूत्र खोलीवरच राहू दे. केस मोकळे ठेवायचे नाहीत, वेणी घालून ती शर्टाच्या आत खोचायची. तारेवर फिरणाऱ्या पुलीत, म्हणजे ज्या चाकाला आपण लटकतो त्यात, केस अडकण्याची भीती खरी आहे. चष्म्याला मागून दोरी लावा.

डास आहेत, आणि या भागात डेंग्यूही होतो, त्यामुळे मलम लावाच. फक्त डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम चष्म्याच्या प्लॅस्टिक फ्रेमला किंवा घड्याळाला लागू देऊ नका, प्लॅस्टिक खराब होतं. आणि मलमाचे तेलकट हात धुतल्याशिवाय हातमोजे चढवू नका.

पाऊस बघून सहल रद्द करायची घाई नको. किनाऱ्यावर वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगरात त्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे खाली ऊन आणि वर सर हे नेहमीचंच. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही. सर आली तरी झिपलाइन चालू राहते, वीज कडाडली की थांबते. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, तेव्हा पैसे परत मिळण्याचे नियम वाचूनच बुकिंग करा.

तारेवर

आधी वजन. फॉर्मवर खरं वजन लिहा. लग्नाच्या बायोडेटातला आकडा इथे उपयोगाचा नाही. वजनाची वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, आणि ती जागेप्रमाणे बदलते. शिवाय गाइड तुमचं वजन पाहूनच ठरवतो की तुम्हाला कुठे, किती ब्रेक लावायला सांगायचं. गरोदर बायकांनी, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी खाली थांबावं. यात गाइडशी वाद घालायला जागा नाही.

हार्नेसचा कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसायला हवा. पोट सुटलेल्या पुरुषांची सवय पँटचा पट्टा पोटाखाली बांधायची, आणि हार्नेसही ते तसाच खाली ओढतात. तो तसा ठेवू नका. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जाईल, पण मूठ फिरणार नाही, इतका घट्ट हवा. पुरुषांनी पहिल्या तारेआधी एकदा त्यात बसून बघावं. कुठे चिमटत असेल तर तिथेच सांगायचं, लाजून गप्प बसलात तर शेवटच्या तारेपर्यंत सोसावं लागेल. आणि एकदा गाइडने तपासून दिलं की स्वतः एकही बकल सोडायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा.

आता सर्वांत जास्त घोटाळा जिथे होतो ते: ब्रेक. काही ठिकाणी ब्रेक आपोआप लागतो, शेवटी स्प्रिंग किंवा दोरीचा ठोकळा असतो, आणि तिथे तारेला हात लावायची सक्त मनाई असते. काही ठिकाणी जाड चामड्याचा हातमोजा देतात आणि त्याने स्वतःच वेग कमी करायचा असतो. लोणावळ्याला किंवा कोलाडला तुम्ही पूर्वी केलं असेल त्याची सवय इथे लावू नका, इथली पद्धत इथे ऐका. हाताने ब्रेक लावायचा असेल तर हात नेहमी पुलीच्या मागे, कधीही पुढे नाही. पुढे ठेवलेल्या हातावरून पुली जाते. तार मुठीत आवळायची नाही, वरून तळवा टेकवून हलका दाब द्यायचा. तार ओली असेल तर दाब थोडा आधी सुरू करायचा.

घाबरलेला माणूस निघाल्या निघाल्या ब्रेक लावतो आणि मधेच थांबतो. हलक्या अंगाची मुलं ब्रेक न लावताही थांबतात. आमच्या पुतणीचं तेच झालं. खाली दरी, वर पाऊस, आणि इकडून आई ओरडतेय, “हात सोडू नकोस गं!” घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. तुम्ही मागे घसरू लागलात तर तार धरून आधी स्थिर व्हायचं, मग जिथे पोहोचायचंय तिकडे पाठ करायची, आणि एका हातापुढे दुसरा असं करत दोन्ही हातांनी तार ओढत मागे मागे सरकायचं. विहिरीतून पोहरा ओढतात तसं, फक्त आडवं. दमलात तर तार धरून लोंबकळत राहा, गाइड येऊन नेतो. काही ठिकाणी स्वतः ओढायला मनाई असते, नुसतं थांबायला सांगतात, तेव्हा हेही आधी विचारून ठेवा. पुतणीला दुसऱ्या तारेवर पाय पोटाशी घेऊन गोळा व्हायला सांगितलं. वारा कमी अडतो, वेग टिकतो. ती पोहोचली.

अंग गरागरा फिरायला लागलं तर पाय झाडू नका, त्याने आणखी फिरतं. पुलीखालची मूठ ज्या दिशेला वळवाल त्याच्या उलट अंग वळतं. हळूच वळवून बघा, दोन तारांत जमतं.

पैशांचं एकच: “डॉलर” म्हणजे कुठला ते विचारा. इथला पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. फोटोंचे किंवा लॉकरचे पैसे भलत्याच डॉलरमध्ये मोजलेत तर जवळजवळ तिप्पट जातात.

जंगल

दुसऱ्या खेपेला आम्ही पहाटे निघालो, आणि फेरी आधी, तार नंतर, असं ठरवूनच बुकिंग केलं. सहाजण आणि एक गाइड. मोठ्या घोळक्यात शेवटच्या माणसाला फक्त पुढच्याची पाठ दिसते.

जंगलात सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाइडला प्रश्न न विचारणं. तो रोज तेच बोलतो, तुम्ही विचारलंत तरच खुलतो. हेलिकोनियाची लाल फुलं सगळे फोटोत घेतात. मी विचारलं, यावर कोण येतं? मग त्याने जांभळ्या गळ्याच्या हमिंगबर्डची गोष्ट सांगितली. मादीची चोच नरापेक्षा लांब आणि जास्त वाकडी असते. लाल हेलिकोनियावर मुख्यतः नर येतो, आणि हिरवट जातीच्या लांब, बाकदार फुलांवर मादी. एकाच पक्ष्याच्या नर-मादीला दोन वेगळी झाडं वाटून दिलेली.

पुढे एका जाड खोडावर पांढरा डिंक ओघळलेला होता. हे गोमिएचं झाड. याच्या खोडाच्या होड्या कोरतात आणि डिंक धुपासारखा जाळतात. गाइडने वाळलेला तुकडा हातावर ठेवला. नवऱ्याने वास घेतला आणि म्हणाला, “अगं, हा तर देवघरातला वास!” चुकीचं नव्हतं. गोमिए, आपला गुग्गुळ आणि सालई ही एकाच कुळातली झाडं.

पायवाट सोडू नका आणि आधाराला दिसेल ती फांदी धरू नका. फेर-द-लान्स हा विषारी साप बेटावर आहे, आणि त्याची इथली जात जगात दुसरीकडे कुठे नाही. फेरीनंतर किनाऱ्यावर जाणार असाल तर लाल पट्टा रंगवलेल्या झाडांपासून लांब राहा. ते मॅन्शिनील. हिरव्या छोट्या सफरचंदासारखं फळ विषारी असतं, आणि पावसात नुसतं त्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात.

आणि पोपट. इथले लोक त्याला जॅको म्हणतात. निळं कपाळ, हिरवं अंग, छातीवर लाल डाग, आणि तो फक्त याच बेटावर. १९७० च्या दशकात जेमतेम शंभर उरले होते. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय पक्षी केलं, शिकार बंद झाली, शाळाशाळांतून त्याची ओळख करून दिली गेली, आणि आता संख्या हजारावर गेली आहे. तो दिसतो पहाटे आणि सूर्य कलल्यावर. दुपारी पानांत बसून राहतो, त्या वेळी कितीही माना वर करा.

आम्ही अर्धा तास एका कड्याशी गप्प उभे होतो. आधी कर्कश आवाज आला, मग दरीवरून दोघं जोडीने गेले, पंख मारत, पाच-सहा सेकंद. मला निळं कपाळ स्पष्ट दिसलं. नवरा तेवढ्या वेळात खिशातून मोबाइल काढत होता.