काँट्रॅक्टरने पैसे बुडवले आणि सप्लायरने घरावर लियन टाकला तर काय करायचं

आम्ही घराच्या मागे दोन खोल्या वाढवल्या, काँट्रॅक्टरला शेवटचा हप्ता सोडून सगळे चेक वेळेवर दिले, काम संपलं आणि दीड महिन्याने लाकूड पुरवणाऱ्याचं पाकीट आलं, की काँट्रॅक्टरने आमचे ११,००० डॉलर दिलेले नाहीत म्हणून तुमच्या घरावर मेकॅनिक्स लियन, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी घरावर चढवलेला कायदेशीर बोजा, रेकॉर्ड केलाय. पोटात गोळाच आला. आम्ही तर पैसे दिले होते ना! पण माल आपल्या घरात लागला की सप्लायरचा हक्क घरावर येतो, मग काँट्रॅक्टरला आपण पूर्ण पैसे दिलेले असले तरी. हे सगळं कॅलिफोर्नियाचं सांगतेय हं, दुसऱ्या स्टेटमध्ये मुदती वेगळ्या असतात.

घाबरून लगेच चेक लिहू नका. आधी तारखा काढा, कारण लियन टिकतो किंवा पडतो तो तारखांवरच.

सप्लायरचा करार आपल्याशी नसतो, म्हणून पहिला माल टाकल्यापासून २० दिवसांत त्याने आपल्याला प्रिलिमिनरी नोटीस (मी माल पुरवतोय, पैसे थकले तर घरावर लियन येऊ शकतो अशी आगाऊ सूचना) पाठवायची असते. पाठवलीच नाही तर लियन टिकत नाही, उशिरा पाठवली तर नोटिशीच्या आधीच्या २० दिवसांपासून पुढचाच माल धरतात. आमची नोटीस ड्रॉवरमध्ये कुपनांच्या गठ्ठ्यात सापडली, १२ एप्रिलची. आणि माझ्या फोनमध्ये लाकडाचा पहिला ट्रक दारात उभा असल्याचा फोटो होता, ४ मार्चचा! म्हणजे तो पहिला ट्रक, ४,००० डॉलरचा माल, क्लेममधून बाहेर. म्हणून सांगते, माल उतरताना फोटो काढत जा, चलनं टाकू नका.

पुढची तारीख म्हणजे लियन काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत रेकॉर्ड व्हायला लागतो, आणि तुम्ही वेळेत नोटीस ऑफ कम्प्लिशन, म्हणजे काम संपल्याची नोटीस, रेकॉर्ड केली असेल तर सप्लायरला फक्त ३० दिवस मिळतात. मग लियन रेकॉर्ड झाल्यापासून ९० दिवसांत त्याने कोर्टात दावा लावायचा. नाही लावला तर लियनला जोर उरत नाही, पण काउंटी रेकॉर्डरकडे नोंद तशीच दिसते आणि घर विकताना किंवा रिफायनान्स करताना नेमकी आडवी येते. तेव्हा लेखी पत्र टाकून सप्लायरकडे रिलीज, म्हणजे लियन सोडल्याचा कागद, मागा, निदान १० दिवस द्या, तरी नाही दिला तर कोर्टात पिटिशन टाकता येते आणि जिंकणाऱ्याला वकिलाचा खर्च मिळतो.

काँट्रॅक्टरचा हप्ता बाकी असेल तर तो अजिबात देऊ नका. सप्लायरने दावा लावला तर तो स्वतःच्या खर्चाने लढायची जबाबदारी काँट्रॅक्टरची असते आणि तोपर्यंत लियनएवढी रक्कम तुम्ही अडवून ठेवू शकता, हे त्याला लेखी कळवा. त्याने हात वर केले तर काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाकडे तक्रार करा आणि त्याच्या लायसन्स बाँडवर (लायसन्ससाठी त्याला ठेवावी लागणारी हमीची रक्कम) क्लेम टाका. बाँड २५,००० डॉलरचा असतो (२०२३ पासून) पण त्याच्याकडून पैसे येणं असलेल्या सगळ्यांचे वाटे त्यातच, त्यामुळे उशीर नको.

घर विकायची घाई असेल आणि लियनच्या रकमेवर वाद असेल तर क्लेमच्या १२५ टक्के रकमेचा रिलीज बाँड (घराऐवजी लियनला हमी म्हणून ठेवायचा) घेऊन घर मोकळं करता येतं. रक्कम मोठी असेल तर वकिलाशी तासभर तरी बोला, तो तास वाया जात नाही.

सप्लायरला पैसे द्यायचे ठरलेच तर नोटराइज केलेला रिलीज ऑफ लियन हातात येईपर्यंत चेक सोडू नका, आणि तो रिलीज काउंटीत स्वतः जाऊन रेकॉर्ड करा. आम्ही ७,००० दिले ते असेच, त्याच्या काउंटरवर, एका हाताने चेक आणि दुसऱ्या हाताने कागद. बाकी ठेवलेला हप्ता त्यात वळता केला, उरलेल्याचा क्लेम बाँडवर टाकलाय.

आणि काम अजून चालू असेल तर आत्ताच सुरू करा, ज्याची ज्याची प्रिलिमिनरी नोटीस आलीय त्या प्रत्येकाचा सही केलेला वेव्हर (लियनचा हक्क सोडल्याचा कागद) घेतल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, किंवा सरळ काँट्रॅक्टर आणि सप्लायर दोघांच्या नावाने जॉइंट चेक काढायचा.